नवीन कॉम्प्युटर घ्यायलात? प्रोसेसर राहू द्या, आधी अर्थिंग अन् एसएमपीएस बघा

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला. परवा रात्री फोन, "मामा, कॉम्प्युटर घ्यायचाय, असेंबल करून, पप्पा साठ-पासष्ट देतो म्हणायलेत, कोणता प्रोसेसर घेऊ सांगा." मी म्हणलं बाबा, प्रोसेसर सगळ्यात शेवटी, आधी सांग तुझ्या रूमवर तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग हाय का? पोरगं गप्पच. त्याला वाटलं मामाला काय कळत नाही.

मी काय इंजिनिअर नाही. परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं डीटीपीचं अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, सातबारा, शाळेचे फॉर्म, अन् जुलै संपताना पीक विम्याची झुंबड. आतापर्यंत स्वतःचे सहा अन् ओळखीपाळखीच्यांचे तीस-चाळीस कॉम्प्युटर घेऊन दिलेत, त्यातले काही जळालेले पण बघितलेत, त्यामुळं जे सांगतो ते हात पोळून शिकलेलं आहे.

शेतात विहिरीपासून पाइपलाइन टाकताना जेसीबी एकदाच येतो, चारी एकदाच खोदतात. त्यावेळी पैसे वाचवायला म्हणून दोन इंची पाइप टाकला अन् पुढं पाचची मोटर काढून साडेसातची बसवली तरी पाणी यायचं तेवढंच येतंय, उलट पाइप फुटतोय. म्हणून शहाणा माणूस पाइप मोठा टाकतो अन् मोटर सध्या आहे तीच ठेवतो, पुढं एखादा हंगाम चांगला गेला की मोटर बदलतो. कॉम्प्युटरमध्ये पाइपलाइन म्हणजे एसएमपीएस (घरातली वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा), मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो बोर्ड), कॅबिनेट अन् घरातली लाईट. मोटर म्हणजे प्रोसेसर (सगळा हिशोब करणारी मुख्य चिप), रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी), ग्राफिक कार्ड (स्क्रीनवर चित्र काढणारं). लोक नेमकं उलटं करतात, सगळा पैसा मोटरीत घालतात कारण चारचौघात सांगता येतं की आय७ घेतलाय म्हणून, एसएमपीएस कोणता घेतला ते कोण विचारतंय.

अजून एक, पुढं अपग्रेड खरंच करणार का हे स्वतःला इमानदारीत विचारा. दुकानात फॉर्म भरायचेत, टायपिंग करायचीय, घरात ऑनलाईन क्लास बघायचेत एवढंच काम असेल तर अपग्रेडचा फार विचार करूच नका, इंटेलचा बाराव्या जनरेशनचा आय३ १२१०० किंवा आय५ १२४०० (मागं एफ नसलेला, एफवाल्यात स्क्रीन चालवायला आत ग्राफिक नसतं), १६ जीबी रॅम, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण), संपला विषय, सात-आठ वर्षं हलणार नाही. त्या बोर्डावर बारावं, तेरावं अन् चौदावं एवढीच जनरेशन बसतात, पुढचे प्रोसेसर नाही, पण तुम्हाला कुठं बदलायचंय. ज्याला कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, गेम असलं काही करायचंय अन् पैसा हप्त्याहप्त्यानं येणार आहे, त्यानं पुढचं वाचा.

तर अर्थिंग. आपल्याकडं कितीतरी घरात तीन पिनचं सॉकेट नुसतं दाखवायला असतंय, तिसऱ्या भोकात वायरच नसते. मग कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, अन् लोक म्हणतात मशीन खराब दिलं. मशीन बरोबर असतंय. एसएमपीएसमध्ये फेज अन् न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीकडं छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, लाईनमधली घाण गाळायला, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. जायला रस्ताच नसला की बॉडीवर २३० च्या निम्मा म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज उभा राहतो. करंट अगदी कमी म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण तोच व्होल्टेज पेनड्राईव्ह लावताना, एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडताना पोर्टमधून जायला बघतो. माझ्याकडं एका प्रिंटरचा यूएसबी पोर्ट असाच गेलाय.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात अर्थिंग झकास, अन् एप्रिल-मे मध्ये जमिनीला भेगा पडल्या की माती खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या सळईपासून सुटते, ओल जाते, मग अर्थिंग असून नसल्यासारखी. वायरमनला बोलवा, खड्ड्यात कोळसा-मीठ टाकलंय का बघायला सांगा, अन् उन्हाळाभर आठ-पंधरा दिवसाला खड्ड्यात एक-दोन बादल्या पाणी ओता, तुळशीला घालताना तिकडं बी घालायचं. चेक करायला मल्टिमीटरनं न्यूट्रल अन् अर्थिंगमधला व्होल्टेज बघतात, दोन-चार व्होल्टच्या आत असला तर ठीक, वीस-तीस दाखवत असला तर काहीतरी घोळ आहे. हे स्वतः करू नका, वायरमनलाच करू द्या.

भाच्याला म्हणलं घरमालकाला सांगून हे आधी करून घे, पाचशे-हजार रुपये जातील. तो म्हणे मामा एवढ्यात तर चांगला माऊस येतो.

आता यूपीएस (लाईट गेली की कॉम्प्युटर लगेच बॅटरीवर घेणारा डबा) अन् इन्व्हर्टर. घरात इन्व्हर्टर असला तर वेगळा यूपीएस कशाला, असं सगळेच विचारतात. इन्व्हर्टरच्या मागं बघा, एक बटण असतंय, नॉर्मल मोड अन् यूपीएस मोड. नॉर्मलवर लाईट गेली की बॅटरीवर यायला त्याला थोडा जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही पण कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो, कारण एसएमपीएस लाईटशिवाय साधारण १६-१७ मिलिसेकंदच दम धरतो. यूपीएस मोडवर टाकलं की काम होतं. पण गावाकडं त्यात पण गंमत आहे, यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर लाईन सोडून बॅटरीवर जातो, अन् रात्री शिवारात मोटरी चालू झाल्या की आमच्याकडं १७० असतंय, म्हणजे लाईट असून बॅटरी उतरायली. तिथं कॉम्प्युटरला वेगळा लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतलेला बरा, कमी व्होल्टेज तो थोडाफार वाढवून देतो. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, ग्राफिक कार्ड नाही तोवर बास. पुढं कार्ड टाकायचं नक्की असेल तर १००० किंवा ११०० व्हीए आत्ताच घ्या, यूपीएस परत विकायला गेलं की कोणी निम्मे पण देत नाही. अन् लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्यात हीटर असतो, तो एकदम लोड ओढतो अन् सगळंच बंद पाडतो.

आता एसएमपीएस, इथं जरा बसू. २०१५ ला मी कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मशीन बांधली. वर स्टिकर ४५० वॉट. दुकानदाराचं नाव घेत नाही, त्यानं पण बिचाऱ्यानं जे मागितलं तेच दिलं, मला स्वस्तच पाहिजे होतं. मे महिना, लग्नसराई, दुपारी लाईट गेली, आली, परत गेली अन् तिसऱ्यांदा आली तेव्हा आतून फटाका फुटल्यासारखा आवाज. एसएमपीएस मेला ते ठीक, जाताना मदरबोर्ड अन् हार्डडिस्क पण सोबत घेऊन गेला. तीन घरच्या पत्रिका त्याच हार्डडिस्कवर, दुसऱ्या दिवशी छापायला द्यायच्या होत्या, रात्रभर शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर परत बसवल्या, त्यात एका मुलीच्या मामाचं नाव राहिलं अन् ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्या दिवसापासून स्टिकरवरचा मोठा आकडा मी बघतच नाही. खाली बारीक अक्षरात तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं अन् बाराने गुणायचं. माझ्या त्या जळक्या ४५० वॉटवाल्यावर १६ अँपिअर होते, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर अन् ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचा आकडा नुसता शोभेचा. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास असतात, गुणून बघा, ५४० येतात. ८० प्लस ब्रॉन्झ लिहिलेलं असलं की निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामाला लागते एवढं कळतं, पण तो शिक्का वीज वाचवण्याचा आहे, मशीन वाचवण्याचा नाही, म्हणून वॉरंटी पण बघा, ज्या कंपनीला स्वतःच्या मालावर भरवसा आहे ती पाच-सात वर्षं देते.

किती वॉटचा घ्यायचा? आज लागतो त्यावर नाही, पुढं टाकायच्या कार्डावर ठरवायचं. एएमडी कंपनीच्या रायझन ५ चा ७६०० प्रोसेसर पूर्ण ताणला तरी ९० वॉटच्या आत राहतो. आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॉटचं आहे, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धरा, तीनशेच्या आत बसतं, ५५० निवांत चालतो. पण तीन वर्षांनी ५०७० सारखं कार्ड सेकंडहँड घ्यायची इच्छा झाली तर ते एकटंच २५० वॉटचं अन् ते बनवणारी एनव्हीडिया त्याला ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते. म्हणून भाच्याला ६५० घ्यायला लावला. पाच-सहा हजार गेले, त्याच्या बापाला पटलं नाही, "डब्याला एवढे?" म्हणले. दाजींना म्हणलं तुम्ही शेतात केबल जाड टाकता का नाही, तसंच हे.

हां, एक सांगायचं राहिलं. मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे वायरी काढता-घालता येतात तसला, तर पुढं एसएमपीएस बदलताना जुन्याच वायरी नव्याला लावू नका. टोक सारखं दिसतं पण आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी गेलीच.

मदरबोर्ड. यातच अपग्रेडचं सगळं नशीब असतंय. इंटेल दोन-तीन जनरेशनला सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) बदलते, बारावं ते चौदावं एलजीए १७०० वर होतं, ऑक्टोबर २०२४ ला कोअर अल्ट्रा आले अन् सॉकेट झालं १८५१, जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसतच नाही. एएमडीचं वेगळं. माझं स्वतःचं उदाहरण, २०१८ ला बी४५० बोर्ड घेतला, त्यावर सगळ्यात स्वस्त रायझन ३ २२००जी टाकला. पाच वर्षांनी त्याच बोर्डावर रायझन ५ चा ५६०० बसवला, चार कोरचे (प्रोसेसरमधले काम करणारे हात म्हणा) सहा कोर झाले, बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. फक्त प्रोसेसरचे पैसे. मोठा पाइप टाकलेल्याचा फायदा तो हा. आता एएमडीचं एएम५ सॉकेट चालू आहे, सप्टेंबर २०२२ ला आलं, त्यावर ७००० ची सिरीज आली, २०२४ ला ९००० ची आली, अन् २०२७ पर्यंत अन् त्याच्याही पुढं हे सॉकेट चालवू असं कंपनीनंच सांगितलंय. ज्याला हप्त्याहप्त्यानं वाढवायचंय त्याला माझं मत एएम५ च, त्यात पण ए६२० चा एकदम हलका बोर्ड नको, बी६५० घ्या, ज्यावर प्रोसेसरच्या शेजारी अॅल्युमिनियमचे ठोकळे दिसतात तो. ते ठोकळे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला गार ठेवतात, आज सहा कोरला नसले तरी चालतात, उद्या बारा कोरचा टाकला अन् आपला ४३ डिग्रीचा मे महिना असला की कळतं.

आता माझी फजिती पण ऐका, म्हणजे तुमची होणार नाही. ५६०० घरी आला, जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं, पंखे फिरायले, स्क्रीन काळी. दोन तास रॅम काढून घालून बघितली. चूक एक: नवा प्रोसेसर ओळखायला बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करून देणारा, बोर्डातच भरलेला प्रोग्राम) अपडेट लागतं अन् ते जुना प्रोसेसर असतानाच करायचं असतंय. परत जुना बसवला, अपडेट केलं, परत नवा. तरी काळीच. चूक दोन: २२००जी च्या मागं जी होता म्हणजे आत ग्राफिक होतं, ५६०० ला ते नाहीच, वेगळं कार्ड लागतंय. कार्ड यायला अजून आठ दिवस. आठ दिवस जुन्यावरच काम अन् नवा डब्यात. अन् बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, म्हणून यूपीएस चार्ज करूनच करा. बोर्डाच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलं तर हजार रुपये जास्त गेले तरी तो घ्या, प्रोसेसर न बसवता नुसत्या पेनड्राईव्हनं अपडेट होतो अन् असा अडकलेला बोर्ड पण परत उठतो.

प्रोसेसरच्या नावामागच्या अक्षरात पण पेच आहेत. एफ म्हणजे आत ग्राफिक नाही. हजार-दोन हजार स्वस्त मिळतो, पण उद्या ग्राफिक कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की महिनाभर कॉम्प्युटर बंद, कारण स्क्रीन लावायला जागाच नाही. एएम५ च्या ७६०० ला आत छोटं ग्राफिक असतं, गेमचं नाही पण काम चालतं. जी वाल्यात ग्राफिक मोठं, कार्डाशिवाय पण हलके गेम चालतात, म्हणून दुकानदार ८५००जी कडं ओढतात. थांबा. पुढं कार्ड टाकायचं ठरलंय तर ८५००जी घेऊ नका, त्यात कार्डासाठी चारच लेन आहेत, ८६००जी ला आठ, अन् साध्या ७६०० ला सोळा. रस्ता सिंगल असला तर गाडी कितीही भारी घ्या, ट्रॅक्टरच्या मागंच चालायचं. पुढं कार्ड कधीच टाकायचं नाही हे पक्कं असेल तर मात्र ८६००जी झकास.

रॅमच्या बाबतीत माझा जुना सल्ला मला बदलावा लागलाय. आधी मी सगळ्यांना सांगायचो, ८ जीबीची एकच घ्या, वर्षानं भाव उतरले की दुसरी घ्या. वर्षानुवर्षं ते खरं ठरलं. पण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव असे चढले की सोयाबीनला मिळाले असते तर बरं झालं असतं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीच्या चिप लागायल्या, कारखान्यांनी माल तिकडं वळवला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल नावानं आपल्यासारख्यांना रॅम अन् एसएसडी विकणं थांबवणार म्हणून सांगून टाकलं. त्यामुळं "नंतर स्वस्त होईल" या भरवशावर कमी रॅम घेऊ नका. १६ जीबी आत्ताच घ्या, पण १६ ची एकच स्टिक घ्या म्हणजे शेजारचं घर रिकामं राहतं. दोन स्टिक लावल्या तर वेग जास्त मिळतो हे खरंय, अन् जी वाल्या प्रोसेसरवर गेम खेळायचे असतील तर ८-८ च्या दोनच घ्या, तिथं फरक डोळ्याला दिसतो, पण कोडिंग अन् कॉलेजच्या कामाला एकीनं काही अडत नाही.

पुढं दुसरी घेताना पहिलीवरचं मॉडेल नंबर वाचून तीच घ्या, आजच मोबाईलनं फोटो काढून ठेवा. बोर्डाला चार घरं असली तरी डीडीआर५ (रॅमची नवी पिढी, एएम५ ला हीच लागते) मध्ये चारही भरू नका, एएम५ वर चार स्टिक टाकल्या की वेग खाली येतो, ठरलेला आकडा ३६०० चा आहे, मग ६००० ची रॅम घेतली काय अन् साधी घेतली काय. म्हणून वाढ दोन घरातच करायची, १६ अधिक १६. अन् जुन्या कॉम्प्युटरची डीडीआर४ नव्या बोर्डात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवणारे पण बघितलेत मी. नवी रॅम घातल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० चे पैसे देऊन ४८०० वर चालवत बसाल, दुकानदार हे करून देत नाहीत.

एसएसडी पटकन सांगतो. विंडोज हार्डडिस्कवर टाकायचा जमाना गेला. बोर्डावर एम.२ ची (चपटी एसएसडी बसायची) दोन घरं बघा, पहिल्यात आज ५०० जीबी किंवा १ टीबी, दुसरं पुढं लागेल तेव्हा. एनव्हीएमई लिहिलेलीच घ्या, दिसायला तशीच साटावाली पण मिळते, ती सेकंदाला ५५० एमबीच्या वर पळत नाही अन् बऱ्याच नव्या बोर्डात चालतच नाही. एनव्हीएमईत जेन३ सेकंदाला साडेतीन हजार एमबी पळते, जेन४ सात हजार, पण रोजच्या कामात या दोघीतला फरक तुम्हाला कळणार नाही, स्वस्त मिळेल ती घ्या. जुनी हार्डडिस्क फोटो अन् फाईली साठवायला लावून ठेवा. पत्रिका पण दोन जागी ठेवा, मामाचं नाव आठवा.

ग्राफिक कार्ड पहिल्या दिवशी नाही घेतलं तरी चालतंय, सगळ्यात सोपं अपग्रेड तेच आहे, स्क्रू काढा, खोचा, वायर लावा. फक्त कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं बसतं ते आज लिहून ठेवा, अन् एसएमपीएसला आठ पिनची एक तरी वायर, दोन असल्या तर चांगलंच. "४ जीबी ग्राफिक कार्ड" म्हणून जीटी ७३० गळ्यात मारतात, ते २०१४ चं कार्ड आहे, आजच्या प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक पण बऱ्याचदा त्याला मागं टाकतं.

असंच "आय७, ३२ जीबी, गेमिंग, पंधरा हजार" वालं. आय७ हे घराण्याचं नाव आहे, पोरगं कोणतं ते जनरेशनवरून कळतं. ३७७० हा पण आय७ च, पण २०१२ चा, आजकालचा आय३ १२१०० त्याला सहज हरवतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् विंडोज ११ ला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा रायझनची २००० सिरीज (जी वाले सोडून) अन् टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. त्याच्या खालचं मशीन घेतलं तर पहिल्या दिवसापासूनच म्हातारं. ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डबे घरकामाला वाईट नसतात, आठवं किंवा त्याच्या वरचं जनरेशन असलं तर, पण त्यातल्या बऱ्याच डब्यांचा एसएमपीएस अन् बोर्ड त्याच कंपनीच्या मापाचा असतो, बाजारातला बसत नाही, म्हणजे ग्राफिक कार्ड टाकायचं स्वप्न तिथंच सोडा.

कॅबिनेटला (आपल्याकडं त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, चालू द्या) पुढून काच नको, जाळी पाहिजे. काचेच्या आत लाल-निळे लाईट छान दिसतात पण हवा कुठून जाणार. सेलू-मानवतचा पट्टा कापसाचा, जिनिंगच्या दिवसात तंतू असे उडतात की दोन महिन्यात फिल्टरवर गोधडी बसते. काढता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या, दर महिन्याला झटका. वर्षातून दोनदा ब्लोअर मारा, पण आतला पंखा बोटानं धरून, नाहीतर तो उलटा भन्नाट फिरून खराब होतो. मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, पाल आत जाते अन् बोर्डावर मरते, ते साफ करायची वेळ वैऱ्यावर पण येऊ नये.

उन्हाळ्यात रूममधल्या कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, कूलरची हवा ओली असते अन् आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, ओलीवर धूळ चिकटून थर होतो तो ब्लोअरनं पण निघत नाही. चालू असताना शिवलेलं कव्हर काढून ठेवा, असं सांगावं लागतंय कारण मी स्वतः बघितलंय, झालरवालं कव्हर घालून मशीन चालू. अन् दसऱ्याला पूजा करा, जरूर करा, मी पण करतो, पण हळद-कुंकू जाळीवर नको, वर पत्र्यावर लावा, अन् झेंडूचा हार पंख्याच्या तोंडावर राहू देऊ नका. एका गिऱ्हाईकाचं मशीन दसऱ्यानंतर तापून बंद पडायचं, उघडलं तर आत पिवळं धमक.

घ्यायचं कुठून? परभणी-नांदेडच्या दुकानात भाव ऑनलाईनपेक्षा दोन-चार हजार जास्त लागतो, नांदेडकडची बरीच पोरं सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जाऊन येतात, तिथं एकाच इमारतीत दुकानाला दुकान लागून आहे, भाव पण करता येतो. मी म्हणतो एसएमपीएस, बोर्ड अन् प्रोसेसर जवळच्या दुकानातून घ्या, थोडे जास्त गेले तरी, कारण बिघडलं तर तोच माणूस संभाजीनगरला नाहीतर पुण्याला सर्व्हिस सेंटरला पाठवतो, तुम्हाला बसचा धक्का नको. बाकीचं ऑनलाईन चालेल. तीन दुकानातून कोटेशन घ्या अन् त्यात प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल लिहून मागा, नुसतं "६५० वॉट एसएमपीएस, बी६५० बोर्ड" असं लिहिणाऱ्याकडं जाऊ नका. प्रोसेसर डब्यातला घ्या, त्याला तीन वर्षं वॉरंटी असते, ट्रेचा (डब्याशिवाय सुटा) स्वस्त असतो पण वॉरंटी कमी अन् पंखा नाही. पक्कं बिल, १८ टक्के जीएसटीसकट, त्यावर सिरीयल नंबर टाकून घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणले तर हसून नको म्हणा. विंडोजची रिटेल की घेतली तर पुढं बोर्ड बदलल्यावर पण कामाला येते, ओईएमवाली (एकाच मशीनपुरती मिळणारी) त्या बोर्डासोबतच जाते.

मशीन जोडून झाल्यावर लगेच घरी आणू नका, दुकानातच अर्धा-पाऊण तास चालवायला लावा, टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती अन् कोणत्या वेगावर आहे बघा, सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राईव्ह लावून बघा, पुढचे पण. बऱ्याचदा पुढच्या पोर्टाची वायर जोडायचीच राहिलेली असते.

भाच्यानं शेवटी ७६००, बी६५०, १६ ची एक रॅम अन् ६५० वॉट घेतला, कार्ड पुढच्या वर्षी स्कॉलरशिप आली की. त्याला निघताना सांगितलं होतं, डबे, जास्तीचे स्क्रू, एसएमपीएसच्या उरलेल्या वायरी, सगळं एका पोत्यात घालून माळ्यावर ठेव, कार्ड टाकताना त्यातलीच वायर लागणार आहे अन् वॉरंटीला डब्यावरचा स्टिकर. काल ताईचा फोन, "तुझ्या भाच्यानं खोलीभर खोके आणून ठेवलेत, रद्दीवाला आलाय, देऊ का?" म्हणलं ताई, रद्दीवाल्याला पाणी दे अन् वाटंला लाव.